नाशिकच्या अंगणात अबोली: पहिल्यांदा लावणाऱ्यांसाठी

नाशिकला राहायला आल्यावर पहिल्या तीन वर्षांत मी सात अबोल्या मारल्या. दोन थंडीने गेल्या, एक मी पाणी घालून घालून कुजवली, आणि उरलेल्या चार कशाने जाताहेत ते कळायला चौथी मुळासकट उपटून बघावी लागली. उन्हाने मात्र एकही मेली नाही. हे आधीच सांगते, कारण आमच्या इंदिरानगरात कुणी अबोली आणली की त्यांची पहिली धडपड असते ती मे महिन्यातून तिला वाचवायची. ओली पोती काय, हिरवी नेट काय! अबोली मूळची दक्षिण भारतातली आणि श्रीलंकेतली. पारा तिशीत असला की तिचे तुरे थांबत नाहीत, आणि चाळिशी गाठली तरी पाणी मिळालं तर ती तग धरते. नाशकात तिचं दुखणं बहुतेक वेळा मातीत सुरू होतं आणि डिसेंबरात दिसतं. त्यामुळे खाली फुलांपेक्षा मुळांच्या गोष्टी जास्त आल्या आहेत, त्याला इलाज नाही.

आधी अबोलीच हवी ना, ते बघा

अबोली म्हणजे गुडघ्यापासून कंबरेपर्यंत वाढणारं झुडूप. अडुळसा आणि कोरांटी हे तिचे भाऊबंद. पानं गर्द हिरवी, चकचकीत. फांदीच्या टोकाला गव्हाच्या ओंबीसारखा चौकोनी हिरवा तुरा येतो आणि त्यातून खालून वर अशी फुलं उमलत जातात. फुलाची नळी दोऱ्याइतकी बारीक, आणि वर पाकळ्यांचा एकाच बाजूला पसरलेला पंखा. वास नाही. रंग नारिंगी म्हणावा तर त्यात गुलाबीची झाक, आणि मराठीत त्या रंगाला वेगळं नाव शोधायच्या भानगडीत कुणी पडलं नाही, तो अबोली रंगच. पैठणीला तेच नाव आणि बायका चालवतात त्या रिक्षांनाही तेच.

नर्सरीत ‘अबोली’ म्हटलं तर बहुतेकांना कळतं. पाटीवर मात्र ‘क्रॉसांड्रा’ लिहिलेलं असतं. बेंगळुरू-हैदराबादकडून माल आणणारे तिला कनकांबर म्हणतात. तिन्ही एकच.

पण तुम्हाला कुंपणाला दाट, उंच आणि नारिंगी फुलांचं काही हवं असेल, तर अबोली घेऊ नका. ती कुंपण होत नाही. त्यासाठी हॅमेलिया लावा. ती डोक्याच्या वर जाते, कडक ऊन सोसते, हयगय सोसते, वर शिंजीर पक्षी रोज हजेरी लावतात. नारिंगी टेकोमाही चालेल, पण तिला कात्री सतत लागते. घाणेरी फुकट मिळते म्हणून कुणी सुचवतील. ती एकदा बागेत शिरली की शेजारच्या मोकळ्या प्लॉटवरही तीच असते, त्यामुळे माझं मत विचाराल तर नको. अबोली ज्यांना जवळून बघायला, तोडायला, गुंफायला फुलं हवीत त्यांच्यासाठी आहे. दाराशी, पायरीच्या कडेला, ओट्यावरच्या कुंडीत ती शोभते.

कुठली अबोली

गावठी अबोली बी धरते. फूल जरा फिकट, झाड काटक. दुसरी ‘दिल्ली अबोली’. तिचं फूल मोठं आणि रंग भडक, पण तिला बी होत नाही. तिच्यात गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असतात, त्यामुळे बी धरण्याचं गणितच जमत नाही. ती फाट्यांवरूनच, म्हणजे फांदीचा तुकडा खोचूनच वाढवावी लागते. बेंगळुरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेने ‘अर्का अंबरा’, ‘अर्का कनका’ अशा जाती काढल्या आहेत, पण त्या बहुतेक शेतीसाठी घेतल्या जातात. पिवळी आणि लालही मिळते. पिवळी छान दिसते, पण अबोली रंगाची नसलेली अबोली मला घरात नको वाटते. हा माझा हट्ट समजा.

पहिल्यांदा लावत असाल तर गावठीच घ्या. दिल्लीचं फूल बघून मन जाईल, पण मर रोग (बुरशीने मुळं कुजून झाड वाळतं तो) आणि सूत्रकृमी (मुळांवर गाठी करणारे मातीतले सूक्ष्म जंत) या दोघांनाही ती लवकर बळी पडते.

रोप विकत घेताना

इथे पाच मिनिटं जास्त घालवा. फुललेलं रोप उचलू नका. ज्याला दोन-तीन तुरे नुसते डोकावताहेत आणि बुंध्यापासून तीन-चार फांद्या फुटल्या आहेत असं बसकं रोप बघा. पानांची मागची बाजू उलटून बघा. बेचक्यात कापसासारखं पांढरं काही दिसलं तर तो पिठ्या ढेकूण, ते रोप खाली ठेवा.

मग नर्सरीवाल्याला म्हणा, “दादा, पिशवी जरा काढून दाखवता का?” कुरकुर करतील, पण दाखवतात. मातीच्या गोळ्याबाहेर आलेली मुळं पांढरट, सरळ हवीत. मुळांवर मोहरीपासून हरभऱ्याएवढ्या गाठी दिसल्या, माळेत मणी ओवल्यासारख्या, तर ते रोप फुकट दिलं तरी घेऊ नका. माझ्या चार अबोल्या याच गाठींनी गेल्या. शहरातल्याच एका नर्सरीतून एकदम आणलेल्या चार पिशव्या, चारही सुंदर फुललेल्या. मी वरच बघत राहिले.

माती: नाशकातली मुख्य अडचण

आपल्याकडची काळी माती द्राक्षाला, कांद्याला, टोमॅटोला पोसते, पण अबोलीला ती तशीच्या तशी मानवत नाही. कारणं दोन. पावसात ती पाणी धरून बसते, मुळांचा श्वास कोंडतो आणि मर रोगाची बुरशी लागते. दुसरं, बऱ्याच ठिकाणी तिच्यात चुनखडी असते. अबोलीला किंचित आम्लाकडे झुकणारी किंवा मधली माती लागते, सामू (पीएच) साधारण सहा ते साडेसात. चुना जास्त झाला की मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही.

तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. वाळलेल्या मातीचं एक ढेकूळ बशीत घ्या आणि त्यावर चमचाभर व्हिनेगर ओता. बुडबुडे येऊन फसफसलं तर चुनखडी आहे. जोरात फसफसलं तर जमिनीत लावायचा नाद सोडा आणि सरळ कुंडी घ्या.

एक जागा तर न तपासताही बाद समजा. नव्या बंगल्याच्या भिंतीलगतचा तीन फुटांचा पट्टा. हौसेने सगळे तिथेच लावतात, आणि तिथेच गवंड्याने सिमेंट कालवलेलं असतं, प्लास्टरचे तुकडे गाडलेले असतात. म्हसरूळला माझ्या भावाच्या घरी आम्ही असा पट्टा खणला, तर फूटभर खाली अख्खी सिमेंटची पोती दगड होऊन बसलेली. तिथे आता कोरफड आहे.

विकतची माती आणतानाही विचारा, कुठली? ट्रॅक्टरने येणारी माती पुष्कळदा शेतातली असते, आणि गिरणारे, पिंपळगावकडे शेत म्हणजे टोमॅटो. टोमॅटो, वांगी, भेंडी यांच्या मुळांवर जी सूत्रकृमी गाठी करते, तीच अबोलीवरही करते. काळीभोर भुसभुशीत माती बघून आपण खूश होतो आणि पाहुणे घरात घेतो.

कुंडीसाठी माझं मिश्रण असं: लाल माती किंवा धरणाकाठचा पोयटा दोन घमेली, चाळलेलं जुनं शेणखत किंवा गांडूळखत एक घमेलं, आणि भाताचं तूस एक घमेलं. तूस घोटीच्या भातगिरण्यांवर स्वस्तात मिळतं, इगतपुरीकडे जाणं-येणं असेल तर एक पोतं भरून आणा. नाही मिळालं तर जाडसर वाळू आणि कोकोपीट निम्मं-निम्मं. यात दर कुंडीमागे दोन मुठी निंबोळी पेंड. चहाच्या चमच्याने ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) पावडर घातली तर उत्तम, पण ती शेणखतात मिसळून आठवडाभर ओलसर, सावलीत ठेवली तर खरा उपयोग. कोरड्या मातीवर भुरभुरून काही होत नाही.

कुंडी दहा-बारा इंची, तळाला चार भोकं. सिमेंटची कुंडी टाळा, तिच्यातूनही चुना झिरपतो. मातीची उत्तम, प्लास्टिकची चालते.

जमिनीत लावणार असाल तर खड्डा न करता गादीवाफा करा. जमिनीपासून वीतभर उंच, दोन-अडीच फूट रुंद. काळ्या मातीत केलेला खड्डा म्हणजे जुलैत पाण्याने भरलेली बादली, त्यात चांगली माती भरली तरी आजूबाजूचं पाणी तिथेच येऊन थांबतं. मला हे एक अबोली कुजल्यावर कळलं.

लावायची कधी आणि कशी

सगळे पावसाळ्याच्या सुरुवातीला लावतात. कोकणात ते बरोबर आहे. नाशकात माझं मत वेगळं. महाशिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ करत जाते म्हणतात ना, त्यानंतरच्या आठवड्यात लावा. म्हणजे फेब्रुवारीअखेर ते मार्चचा मध्य. मग झाडाला पुढच्या थंडीआधी नऊ-दहा महिने मिळतात, मुळं खोल जातात, फांद्या जुन होतात. जूनअखेरीस लावलेलं रोप पहिले दोन महिने चिखलात उभं राहतं आणि दिवाळीपर्यंत कोवळंच असतं. डिसेंबर आला की तेच आधी माना टाकतं. पावसाळ्यातच लावायची असेल तर कुंडीत लावा, म्हणजे झड लागली की वळचणीला सरकवता येते.

जागा सकाळचं चार-पाच तास ऊन आणि दुपारी विरळ सावली अशी. पूर्वेकडची गॅलरी म्हणजे अबोलीचं माहेर. दिवसभर ऊन असलं तरी ती जगते, फक्त मेमध्ये फुलं फिकी पडतात. पूर्ण सावलीत पानं सुरेख होतात आणि तुरे मात्र येत नाहीत.

लावण संध्याकाळी करा. पिशवीतला गोळा फोडू नका, अबोलीची मुळं बारीक असतात आणि तुटली की ती महिनाभर रुसते. पिशवीत रोप जितकं खोल होतं तितकंच नव्या जागी, बुंध्यावर माती चढवायची नाही. दोन झाडांत दीड फूट अंतर. तीन-चार एकत्र लावलीत तर भरगच्च दिसतात, एकटं झाड जरा किडकिडीत वाटतं. लावल्यावर भरपूर पाणी, मग माती वरून सुकेपर्यंत काही नाही. आलेले तुरे पहिल्या महिन्यात खुडून टाका. जीव होत नाही, मला माहीत आहे.

पाणी आणि खत

बोट मातीत दोन पेरं घाला. ओल लागली तर पाणी नको. उन्हाळ्यात कुंडीला रोज लागेल, जमिनीत दोन-तीन दिवसांनी, थंडीत चार-पाच दिवसांनी. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका.

नळाचं पाणी, म्हणजे गंगापूर धरणाचं, अबोलीला चालतं. बोअरच्या पाण्याचं तसं नाही. कुंडीच्या काठावर पांढरा थर धरत असेल तर ते पाणी जड आहे, आणि वर्षभरात तेच पाणी चांगल्या मातीचीही चुनखडी करतं. सोसायटीत बोअरचंच पाणी असेल तर निदान पावसाळ्यात पन्हाळीखाली पिंप ठेवून जमेल तितकं साठवा आणि अधूनमधून तेच द्या.

खताचं फार कौतुक नको. मार्च ते ऑक्टोबर महिन्याला दोन मुठी गांडूळखत, आणि दर तीन महिन्यांनी एक मूठ निंबोळी पेंड मातीत हलक्या हाताने मिसळायची. युरिया घालू नका. पानं तळहाताएवढी होतात, मावा गोळा होतो आणि फुलं गायब.

पानं पिवळी पडली तर

पिवळं कुठलं पान झालं ते आधी बघा. खालची जुनी पानं पिवळी होऊन गळत असतील तर बहुधा पाणी जास्त होतंय किंवा खत कमी. पण शेंड्याची नवी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या, जाळी काढल्यासारख्या, तर ती लोहाची कमतरता.

हे मला आमच्याकडे द्राक्षं घेऊन येणाऱ्या निफाडच्या एका काकांनी दाखवलं. मी त्या अबोलीला नुसतं खत वाढवत होते. त्यांनी एक पान उन्हात धरलं आणि म्हणाले, “ताई, हिला भूक नाहीये. हिच्या तोंडाला चुना लागलाय. बागेत आम्ही हेच बघतो. हिराकस मारा.”

हिराकस म्हणजे फेरस सल्फेट, कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळतं. एक लिटर पाण्यात तीन ग्रॅम हिराकस आणि एक ग्रॅम लिंबूसत्त्व. आधी लिंबूसत्त्व विरघळवा, मग हिराकस. द्रावण फिकट हिरवं हवं, तांबूस झालं तर ते वाया गेलं. केल्याबरोबर वापरा, उद्यासाठी ठेवू नका. संध्याकाळी पानांच्या दोन्ही बाजूंनी बारीक फवारा. आठ-दहा दिवसांनी पुन्हा, असं तीनदा. फरक नव्या येणाऱ्या पानांत दिसतो, जुनी जाळीदार पानं फारशी सुधारत नाहीत. आणि हो, फवारण्याआधी कुंडी फरशीवरून हलवा. आमच्या गॅलरीतल्या पांढऱ्या टाइल्सवर चार वर्षांपूर्वीचे तांबूस ठिपके अजून आहेत, आणि दर दिवाळीच्या साफसफाईत घरात त्यांचा विषय निघतो.

फवारणी ही मात्र मलमपट्टीच. माती आणि पाणी तेच राहिलं तर सहा महिन्यांत जाळी परत येणार. दोन वर्षांतून एकदा कुंडीतली माती बदला.

दुपारी माना टाकते, सकाळी उभी राहते

माती ओली असून झाड भर दुपारी मलूल होत असेल, वाढ खुंटली असेल, पानं निस्तेज झाली असतील, तर खाली काहीतरी चाललंय. बुंध्याशी बोटाने माती उकरा आणि दोन-चार मुळं बाहेर काढा. गाठी दिसतील. भुईमुगाच्या मुळांवरही गाठी असतात, पण त्या उपयोगी आणि नखाने सहज सुटणाऱ्या. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच फुगलेलं असतं, ती सुटत नाही.

गाठी थोड्या असतील तर निंबोळी पेंड वाढवा, बुंध्याभोवती झेंडू लावा आणि झाड आणखी सहा महिने पाळा. भरपूर असतील तर मन घट्ट करा. झाड मुळासकट काढून कचऱ्यात द्या, खताच्या ढिगात टाकू नका. ती माती दुसऱ्या कुंडीतही घालायची नाही. एप्रिल-मेमध्ये गच्चीवर वीतभर थरात पसरा, पाणी मारून ओली करा, वर पारदर्शक प्लास्टिक घट्ट ताणा आणि कडा विटांनी दाबा. चार ते सहा आठवडे. आपलं ऊन अबोलीला मारत नाही, पण प्लास्टिकखाली सूत्रकृमीला जगू देत नाही. जमिनीतल्या वाफ्यात असंच करा, आणि त्यानंतर जूनमध्ये तिथे झेंडू लावा. दसऱ्याला तोरणाची सोय होते. झेंडूच्या मुळांतून निघणारी द्रव्यं सूत्रकृमींना घातक असतात, मात्र त्यासाठी तो तिथे तीन महिने तरी दाटीने वाढायला हवा. कडेला दोन रोपं लावून भागत नाही. पुढच्या फेब्रुवारीत तिथे अबोली लावायला हरकत नाही.

बाकीच्या किडींचं थोडक्यात. एप्रिल-मेमध्ये पानांवर बारीक फिकट ठिपके आणि मागे जाळ्या दिसल्या तर लाल कोळी: सकाळी पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या मागून, तीन दिवस. मावा आणि पिठ्या ढेकणाला लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि भांड्याच्या द्रव साबणाचे चार-पाच थेंब, संध्याकाळी. पिठ्या ढेकूण पुन्हा पुन्हा येत असेल तर मुंग्यांचा माग काढा, त्याच त्याला जपतात.

पहिली थंडी

निफाडचा पारा दर हिवाळ्यात पेपरात असतो. शहरातही दहाच्या खाली जातो, आणि अबोलीला दहाच्या खाली सोसत नाही. आधी पानांच्या कडा तांबूस-काळ्या होतात, मग शेंडे वाळतात. निफाडला पारा घसरला की शेतकरी रात्री द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतात. आपल्याला तितकं करायला नको.

डिसेंबर लागला की कुंड्या दक्षिणेच्या किंवा पश्चिमेच्या भिंतीला चिकटवून ठेवा. दिवसभर तापलेली भिंत रात्री ऊब देते. कुंडी थेट फरशीवर न ठेवता खाली लाकडी फळी किंवा थर्माकोल. जमिनीतल्या झाडाला चार काठ्या रोवून संध्याकाळी वरून गोणपाट टाका आणि सकाळी नक्की काढा. प्लास्टिक टाकू नका, जिथे ते पानाला टेकतं तिथे पान जळतं. बुंध्याशी वाळलेल्या पाल्याचा चार बोटं थर. पाणी सकाळी ऊन वर आल्यावरच. नोव्हेंबरपासून खत बंद, महिनाअखेरीपासून कात्रीही बंद. छाटलं की कोवळी फूट येते आणि तीच आधी गारठते.

एवढं करूनही जानेवारीत झाड भिकार दिसतं. पानं गळतात, तुरे थांबतात. माझ्या दुसऱ्या अबोलीला मी याच अवस्थेत मेली समजून उपटलं आणि बुंधा आतून हिरवागार निघाला. तेव्हा उपटण्याआधी नखाने साल खरवडा. आत हिरवं असेल तर मार्चपर्यंत थांबा.

छाटणी आणि फाटे

तुरा दोन-तीन आठवडे चालतो. वरचं शेवटचं फूल गळालं की तो हिरवाच राहतो आणि नवख्यांना वाटतं अजून फुलेल. नाही फुलत. त्याच्या खालच्या पानांच्या जोडीवर कापा, तिथून दोन फांद्या निघतात आणि दोन तुरे येतात. बी हवं असेल तेवढेच तुरे राखा.

मोठी छाटणी वर्षातून एकदा, थंडी गेल्यावर, एक तृतीयांश. दोन-तीन वर्षांनी बुंधा काठीसारखा होतो, फुलं घटतात. मग त्या झाडाला ओढत नेण्यात अर्थ नाही, त्याचेच फाटे लावून नवं करा. फार जुनही नाही आणि फार कोवळीही नाही अशी चार इंची फांदी पेराच्या जरा खाली तिरकी कापा. वरची दोन पानं ठेवून बाकीची काढा. वाळू-कोकोपीटमध्ये खोचून वर पाण्याची अर्धी कापलेली बाटली उपडी घाला आणि सावलीत ठेवा. तीन-चार आठवड्यांनी फाटा हलकेच ओढून बघा. अडलं म्हणजे मूळ धरलं. मार्च आणि जून-जुलै हे दोन हंगाम चांगले. दहा लावले तर सहा-सात जगतात, तेव्हा दहा लावा.

फुलं तोडणं, आणि बियांची गंमत

फुलं सकाळी, ऊन तापायच्या आत. तुरा तोडायचा नाही. एका हाताने तुरा धरून दुसऱ्या हाताच्या चिमटीने फूल वर ओढलं की नळीसकट अलगद सुटतं. दोन दिवसांआड तोडलं तरी बिघडत नाही, अबोली झाडावर टिकते आणि तोडल्यावरही लवकर मान टाकत नाही. मोगरा संध्याकाळी तांबूस पडलेला असतो, त्याच गजऱ्यातली अबोली दुसऱ्या दिवशीही ताजी. नळी इतकी नाजूक की सुईने ओवायला गेलं तर चिरते. कोकणात म्हणून केळीच्या सोपटाच्या ओल्या दोऱ्यात दोन फुलं इकडे, दोन तिकडे अशी गाठ मारत वळेसर करतात. साधा सुती दोरा ओला करून घेतला तरी जमतं. हातभर गजऱ्याला किती फुलं लागतात ते पहिल्यांदा करताना कळेल. एका झाडाची पुरत नाहीत.

गावठी अबोलीचा तुरा झाडावरच वाळून तपकिरी झाला की त्यात बोंडं असतात, प्रत्येकात साधारण चार बिया. हे तुरे हाताने कुस्करायचे नाहीत. संध्याकाळी चार वाळके तुरे खोलगट ताटलीत ठेवा, त्यावर पाणी शिंपडा आणि लगेच वर पारदर्शक झाकण घाला. मुलं घरात असतील तर त्यांना जवळ बोलवा. थोडा वेळ काही होत नाही. मग टक्. पुन्हा टक् टक्. ओल लागली की बोंड ताडकन उकलतं आणि बी झाकणावर जाऊन आपटतं. नाव अबोली, पण जूनच्या पहिल्या सरीला आमच्या गॅलरीत पसरलेल्या वर्तमानपत्रावर ही टकटक बराच वेळ चाललेली असते, आणि पाऊस थांबल्यावर खाली चपट्या बिया पडलेल्या दिसतात.

त्या पुसून सावलीत दोन दिवस वाळवा. पेरायच्या तर लगेच जूनमध्ये, ट्रेमध्ये, वर नखभर माती. उगवायला तीन आठवडे ते महिना लागतो. दहाव्या दिवशी उकरून बघायचा मोह आवरा. तीन-चार जोड्या पानं आली की लहान पिशवीत, आणि ही रोपं पहिली थंडी पिशवीतच, घराच्या आत खिडकीशी काढतील. शेवटी मोठ्या कुंडीत जातील ती महाशिवरात्रीनंतरच. उरलेल्या बिया कागदाच्या पुडीत बांधा, पुडीवर महिना आणि साल लिहा. जुनं झालं की बी कमी उगवतं, तेव्हा वर्षाच्या आत पेरा किंवा शेजारी देऊन टाका, आणि देताना व्हिनेगरची बशीही सांगा.